चार मैलांवर रुसणारी जर्मनीण

प्रतापनगर, नागपूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७९

चि. रवींद्र भाऊजींना सुभद्रावहिनीचे आशीर्वाद. जयालाही तेवढेच, आणि मुलांना थोडे जास्त.

तुमचं पत्र पोचलं. पाठ आता बरी असेल असं धरून चालते, कारण तिच्याबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे आणि खरोखर दुखत असतं तर तुमच्यानं इतकं बसवलं नसतं. जयाचा खोकला गेला का? तिला आडुळशाचा काढा घ्यायला सांगा, आणि घेत नसेल तर निदान घेतला असं मला कळवायला सांगा. माझं ठीक आहे. गुडघा जिथल्या तिथे आहे. चष्म्याचा नंबर वाढला, तो वाचनामुळे वाढला असं डॉक्टर म्हणतात. म्हातारपणी वाचायला शिकलेल्या बाईला ते ऐकून बरंच वाटतं, म्हणून मी वाद घातला नाही. आणि हो, गेल्या दिवाळीला तुम्ही लिहिलं होतं की दादांच्या तेराव्यानंतर पुण्याला गेल्यावर तुमच्या कोटाच्या खिशात एक गोल, जड लोखंडी वस्तू सापडली, कसली ते कळलं नाही, पण दादाच्या घरची म्हणून कचेरीत कागदांवर वजन म्हणून ठेवता. ती अजून आहे ना? असू द्या. सहज विचारलं.

आता गाडीचं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात एका मांडीवर वळकटी आणि दुसऱ्या मांडीवर माझ्या लोणच्याची बरणी घेऊन बसताना तुम्ही मला जे बजावलंत ते अक्षर न अक्षर लक्षात आहे. दसऱ्यापर्यंत ही गाडी रामटेकला जाऊन आपल्या पायांनी परत आली तर ठेवा, नाहीतर जुन्या गाड्या जमवणारे ते पुण्याचे गृहस्थ ट्रक घेऊन येतील आणि मग मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही रागावला होता आणि तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. भर दुपारी सीताबर्डीच्या चौकात गाडीनं चार वेळा शिंकून मान टाकायची आणि आपली गाडी फलाटावरून निघून जायची, हे कुणालाही आवडणार नाही. (दुसरी गाडी संध्याकाळी होती, आणि तिच्यात तुम्हाला खिडकी मिळाली, हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं नाही. मला जयाकडून कळलं.)

तुमच्या माणसाला ट्रक घेऊन निघा किंवा निघू नका हे सांगता यावं म्हणून काय काय झालं ते सगळं लिहिते. पत्र लांबेल. पाठीखाली उशी घ्या.

गाडी घरी आली तेव्हा तुम्ही नोकरीनिमित्त दूर होता, म्हणून तिची जातकुळी तुम्हाला नीट माहीत नाही. तुमच्या दादांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला जो जर्मन साहेब आला होता, तो जाताना ती इथेच टाकून गेला. कुणी घेईना, कारण तिच्यात कार्बोरेटर नाही. इतर गाड्यांत हवा आणि पेट्रोल त्या एका भांड्यात मिसळून इंजिनात जातं. हिच्यात एक पंप आहे, तो सहा बारीक नळ्यांतून मोजून मापून पेट्रोलच्या पिचकाऱ्या मारतो. बाकी लोकांना ती भानगड वाटली, तुमच्या दादांना ती थट्टा वाटली, आणि त्यांना थट्टा आवडायची. त्यांनी तिचं नाव जर्मनीण ठेवलं आणि दर रविवारी तिचं बॉनेट उघडून तासभर तिच्याशी बोलत बसायचे. (माझ्याशी शनिवारी बोलायचे.) ते गेले त्याच्या आधीच्या रविवारीही पेट्रोलपंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आले होते. पेट्रोल दाखवणारा काटा कधीच चालला नाही, म्हणून ते लाकडी फूटपट्टी टाकीत बुडवून बघायचे. त्या दिवशी अंगणात मला पट्टी दाखवून म्हणाले, बघ, वरपर्यंत ओली.

तर तुम्ही गेल्यावर मी आधी सीताबर्डीवरचे कृष्णकांत मिस्त्री बोलावले. मोठं गॅरेज, हाताखाली सहा माणसं, खिशाला पेन. त्यांनी बॉनेट उघडलं, इकडे वाकून पाहिलं, तिकडे वाकून पाहिलं, मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, पोलिसांत कळवलं का?" मी म्हटलं कशाचं? तर म्हणाले, कार्बोरेटर चोरीला गेला. मी त्यांना पिचकाऱ्यांचं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. तरी गाडी चालवून पाहिली, आणि चार मैलांवर ती शिंकायला लागल्यावर प्लग काढून मला दाखवले. चांगल्या गाडीचे प्लग बदामी रंगाचे असतात, हिचे पांढरेफटक, चुन्यात बुडवल्यासारखे. म्हणजे पेट्रोल कमी पडतं आणि हवा जास्त होते. मिक्श्चर पातळ, असं त्यांनी सांगितलं, आणि हे मात्र मला लगेच कळलं, कारण पाहुणे वाढले की माझ्या ताकाचं तेच होतं. रोग बरोबर ओळखला त्यांनी. मग पेट्रोलच्या गाळणीचा डबा साफ करून बसवला, चहा घेतला, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! घरापर्यंत पाण्यासारखी आली. त्यांच्या गळ्यात हार घालायची तेवढी मी राहिले. दुसऱ्या दिवशी चार मैल, आणि पुन्हा शिंका.

यानंतर जे झालं ते मी आधीच ओळखायला हवं होतं. कुणीही काहीही केलं की गाडी सुरू व्हायची. कृष्णकांतांच्या हाताखालच्या माणसानं पंपावर पान्यानं दोन ठोके मारले, सुरू झाली. दुसऱ्यानं हवेच्या नळीला पट्टी गुंडाळली, सुरू झाली. शेजारचे गोपाळराव, निवृत्त मास्तर, संस्कृतचे, त्यांनी तर हातसुद्धा लावला नाही. जर्मन ही संस्कृतची धाकटी बहीण आहे असं त्यांचं मत आहे, म्हणून गाडीबरोबर आलेलं जर्मन पुस्तक ते दोन संध्याकाळ घेऊन बसले आणि एक आख्खं पान लावलं. ते पान सिगारेटची राख कुठे झाडावी याबद्दल होतं. पण रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीत बसून ते मोठ्यानं वाचत असताना मी सहज किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली. भाऊजी, त्या दिवसापासून गोपाळराव माझ्याकडे मी त्यांची विद्यार्थिनी असल्यासारखं बघतात. कुणाच्याही हाताला यश येत होतं आणि ते चार मैल टिकत होतं. मी वाचनालयातून मोटारदुरुस्तीचं मराठी पुस्तक आणलं. चांगलं जाड होतं. त्यात तीनशे पानं कार्बोरेटर होता.

शेवटी कुणीतरी वाडीचं नाव काढलं. अमरावती रस्त्यावर ट्रकांची गोदामं आहेत तिथे ताराचंद म्हणून एक मिस्त्री आहे. डिझेलच्या ट्रकांशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. (मोटारींना तो खेळणी म्हणतो.) मी रिक्षा करून गेले. तो ट्रकखाली होता, पाय तेवढे बाहेर. मी त्याच्या पायांनाच सगळी हकीकत सांगितली. पाय काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापनगरात हजर. बॉनेट उघडलं आणि हसत सुटला. "अवं काकू, हे तं आपल्या ट्रकचंच पोट हाय! थोच पंप, थेच नोझल. डिझेलच्या जागी पेट्रोल पिऊन राहिली, एवढंच. याले कोण घाबरलं?" मी म्हटलं, सीताबर्डी घाबरली. त्यावर तो इतका खूश झाला की त्यानं चहासुद्धा मागितला नाही.

त्याची कामाची रीत मात्र मला आवडली. एका वेळी एकच गोष्ट बघायची आणि ती ठीक असली तर खडूनं त्यावर फुली मारायची. गाळणी पाहिली, फुली. हवेच्या नळीवर साबणाचं पाणी सोडून भेग कुठे आहे का पाहिलं, फुली. सहाही पिचकाऱ्या बाहेर काढून माझ्या सहा काचेच्या पेल्यांत सोडल्या, सहांतही सारखं पेट्रोल. (पेले आता पाहुण्यांना देत नाही.) पंपाचा जोर मोजला, भरपूर. तीन दिवसांत सगळं इंजिन फुल्यांनी भरून गेलं, रांगोळी काढल्यासारखं. आणि गाडी चार मैलांवर शिंकतच होती. शेवटी तो पायरीवर बसला. "काकू, अंगणात उभी राहते तवा पेट्रोल बरोबर येते. रस्त्यावर गेली का आटते. हे काहून होऊन राहिलं? एक टाकी तेवढी पाहाची राहिली."

मी म्हटलं, टाकीला काही झालेलं नाही. तिला हात लावायचा नाही.

तो म्हणाला, "पेट्रोल शिळं झालं असन, काकू. साल झालं ना? काढून फेकू, नवं टाकू." भाऊजी, मी त्याला घरी पाठवलं. चांगला माणूस, आपलं काम टाकून आलेला, आणि मी त्याला उद्या ये असंसुद्धा म्हटलं नाही.

आता मी काय केलं होतं ते सांगते. तेरावं झालं, तुम्ही सगळे गेलात, आणि आठेक दिवसांनी मी गाडी पुसायला घेतली. तिच्या टाकीचं तोंड मागच्या नंबरपाटीच्या आड आहे, पाटी खाली ओढली की दिसतं. ते उघडं होतं. झाकण नाही. अंगणभर शोधलं, मिळालं नाही. आणि पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे ते उडून चाललं होतं. तुमच्या दादांनी भरलेलं. घरातलं त्यांचं बाकी सगळं मी नीट मार्गी लावलं होतं, कपडे दिले, चष्मा दिला, पुस्तकं वाचायला घेतली. एवढंच एक राहिलं होतं, आणि ते कुठल्या पेटीत ठेवता येत नव्हतं. मी तुपाच्या बरणीचं पितळी झाकण आणलं, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, आणि वरून सुतळीनं कैरीच्या लोणच्याची बरणी आवळते तसं आवळलं. माझ्या बरणीला चार वर्षांत बुरशी येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मग नाक लावून पाहिलं. वास नाही. पाटी वर केली आणि हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही हेही खरं आहे, आणि ताराचंदनं विचारलं तेव्हा मी काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे. दर रविवारी अंगणातल्या अंगणात दहा मिनिटं इंजिन चालवत होते, तेवढ्यानं कधी काही बिघडलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हरले होते. गाडी तुमच्या गृहस्थांना देऊन टाकावी असं तुम्हाला लिहायला कागदही घेतला. ते राहून गेलं, कारण शेजारची कौसल्या तेलाचा नवा डबा घेऊन आली. सणाच्या पुऱ्या तळायच्या होत्या, आम्ही दोघींत मिळून एक डबा घेतो. तिनं खिळा घेऊन एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा तिरपा केला. तेल आधी आलं, मग थेंब थेंब, मग थांबलं. ती डबा हलवायला लागली, तेल उचक्या देत ओट्यावर. मी ओरडले, "अवं, एका भोकानं तेल पडते का वं? दुसरं भोक कोण पाडन? आतमध्ये हवा नाही गेली तं तेल बाहेर कसं येईन?" ती म्हणाली, "मले का माहीत नाही का? सांडशी काहून फेकून राहिल्या?" मी सांडशी फेकली नव्हती. ती हातातून पडली होती.

मी तशीच तेलकट हातांनी अंगणात गेले. पाटी खाली ओढली. झाकण मधोमध आत ओढलं गेलेलं, वाटीसारखं. (तासाभरापूर्वीच शेवटचा प्रयत्न म्हणून चार मैल फिरवून आणली होती.) सुतळी कापली तरी निघेना. चमच्याचा दांडा घालून उचकटलं, तेव्हा टाकीनं सूंऽऽ करून हवा ओढून घेतली. बराच वेळ घेत होती. कौसल्या मागे उभी होती, ती म्हणाली, "बाप्पा, हिले तं दमा होता!"

तर एवढंच होतं. पंप पेट्रोल ओढत होता आणि त्याच्या जागी हवा आत जायला वाट नव्हती. चार मैलांत टाकीचा श्वास कोंडायचा, पंपाला पेट्रोल पुरेनासं व्हायचं, आणि जर्मनीण शिंकायची. मिस्त्री येईपर्यंत, चहा होईपर्यंत, राखेचं पान वाचेपर्यंत अर्धा तास जायचा, तेवढ्यात कुठून तरी थोडी हवा झिरपायची, आणि ज्याचा हात शेवटी लागला तो धन्वंतरी व्हायचा. टाकीच्या खऱ्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. मी बरणी बांधली होती. गाडीला बरणी चालत नाही.

कौसल्याच्याच खिळ्यानं झाकणाला दोन भोकं पाडली. ट्यूबलाही. मग वाडीला गेले आणि ताराचंदला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो नुसता म्हणाला, "काकू, तीन दिवस माहा खडू वाया घातला." काल दसऱ्याची हत्यारांची पूजा आटोपून दहा वाजता आला, आम्ही जर्मनिणीला झेंडूचा हार घातला आणि निघालो. कामठी गेली, कन्हान गेलं, मनसर गेलं. चार मैलांवर मी श्वास धरला होता, तो दहाव्या मैलाला सोडला. रामटेकला खालीच गाडीत बसून पुऱ्या खाल्ल्या. (पायऱ्या गुडघ्याला झेपत नाहीत, देवाला तिथूनच नमस्कार केला.) ताराचंदनं प्लग काढून दाखवले. बदामी.

येताना कन्हानच्या अलीकडे ती शिंकली आणि थांबली. ताराचंदनं कपाळाला हात लावला. "पुन्हा रुसली वं माय!" मी उतरले, पाटी ओढली, फूटपट्टी टाकीत घातली. खाली टक्कन वाजली. बाहेर काढली तर पार कोरडी. गाडीत काही बिघाड नव्हता. तुमच्या दादांनी भरलेलं पेट्रोल तिथपर्यंत पुरलं होतं.

ताराचंद कॅन घेऊन पेट्रोलपंपापर्यंत चालत गेला. मी लिंबाच्या झाडाखाली तिच्याजवळ उभी राहिले. तो येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही. नवं पेट्रोल घातलं, किल्ली देऊन पंपाला जरा घरघर करू दिलं, आणि ती सुरू झाली. तशीच, त्याच आवाजात. तेव्हा मी ताराचंदला म्हटलं, तू तिकडे सरक, इथून मी चालवते. परवाना तुमच्या दादांनी काढून दिलेला आहे, आणि शिकवलंही होतंच. घरापर्यंत आणली. अटीप्रमाणे गाडी रामटेकला जाऊन आपल्या पायांनी परत आली आहे. वाटेत फक्त जेवली.

सोबत आपट्याचं पान घातलं आहे, जपून उघडा.

तुमची,
सुभद्रावहिनी

ता. क. तुमच्या गृहस्थांना ट्रक आणू नका म्हणावं. नुसते आले तर पुरणपोळी करीन. बॉनेट उघडू देणार नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या टेबलावरची ती लोखंडी वस्तू उलटी करून पाहा. आतून रबराची कडा असेल आणि मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक. तेराव्याच्या गडबडीत तुम्ही सामान आणायला गाडी नेली होती, आणि निघण्याआधी फूटपट्टी घालून पेट्रोल पाहिलं होतं, ते मला काल लिंबाखाली आठवलं. वर्षभर तुम्ही ती दादांची आठवण म्हणून कागदांवर ठेवलीत, त्यामुळे ती मागताना मला संकोच होतो. म्हणून बदल्यात तुपाच्या बरणीचं पितळी झाकण देईन. त्याला दोन भोकं आहेत, पण कागद उडणार नाहीत.

ता. क. तिसरा, आणि हेच मुळात लिहायचं होतं. झाकण टपालानं पाठवू नका, दिवाळीत स्वतः घेऊन या. तुमच्या दादांनी मला पहिले तीन गियर शिकवले होते. चौथा पुढच्या रविवारी म्हणाले होते. काल ताराचंद सबंध रस्ता ओरडत होता, "काकू, चौथा टाका, इंजिन बोंबलून राहिलं!" तो शिकवायला तयार आहे, पण मी नको म्हटलं. तुम्हाला गाडी त्यांनीच शिकवली आहे, तेव्हा चौथाही त्यांच्याच पद्धतीनं येत असेल. या आणि दाखवा. स्टेशनवर घ्यायला मीच येईन. गाडी येण्याच्या बऱ्याच आधी घरून निघेन, कारण तोवर मी तिसऱ्यातच आहे.